कापड ताणलं नव्हतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. गेल्या वर्षी गणपतीपासून संक्रांतीपर्यंत मी माझ्या मित्राच्या पँटी तीन वेळा कमरेत आत घेतल्या आणि तिन्ही वेळा मापाच्या वहीत कंबर चौतीसच लिहिली. वही आत्ता माझ्यासमोर उघडी आहे. निळ्या शाईत, एकाखाली एक, तीन चौतीस. तिसरं लिहिलं तेव्हा टेप साडेएकोणतीसवर होता.

तो मित्र, सिद्राम, गेला त्याला आता सात आठवडे होतील. तेव्हा मे महिना संपत आलेला, शाळेच्या गणवेशांचा हंगाम. मी दुकानात खाकी कापडाचे बारा थर एकावर एक अंथरून कापत होतो. महेशचा, म्हणजे त्याच्या मुलाचा फोन आला. ‘‘काका, बाबा गेले. मघाशी.’’ मी ‘येतो’ म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि हातातली कापणी पुरी केली. मध्येच सोडली की थर सरकतात, सगळं कापड वाया जातं. शेवटचा पाय कापून झाल्यावर कात्री खुंटीला लावली, मग शटर ओढलं. याला कुणी धक्का म्हणेल. धक्का नव्हता. हे होणार, हे मला मार्चपासून माहीत होतं… खरं सांगायचं तर त्याच्याही बरंच आधीपासून.

आमची ओळख भांडणातून झाली. तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापूरच्या साखर पेठेत वडिलांचा माग होता. तो बंद पडल्यावर त्याच जागेत मी शिलाईचं दुकान काढलं. नवा होतो, हातात कसब होतं, तोंडात ताठा होता. एके दिवशी एक सावळा, रुंद खांद्याचा माणूस आठवड्यापूर्वी नेलेली पँट अंगावर घालूनच आत आला आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, ‘‘मास्तर, ह्यो उजवा पाय जमिनीला झाडू मारतोय आन् डावा घोट्याच्या वर चढलाय. दोन पाय दोन गावाला निघाल्यात की.’’ मी त्याला आत पाठवून पँट काढून घेतली, टेबलावर पसरली, दोन्ही पाय एकावर एक ठेवून टेप लावला. दोऱ्याचाही फरक नव्हता. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, ‘‘पँट बरोबर आहे साहेब. तुम्हीच वाकडे आहात.’’

पडद्याच्या वरून त्याचं डोकं बाहेर आलं. मला वाटलं आता हा शिव्या देणार. तो हसला. ‘‘ते मला ठावं हाय की. ल्हानपनी बोकडं चारताना लिंबावरनं पडलोय. तवापासनं उजवी बाजू खाली हाय. पन म्हणून वाकड्या मानसानं लुंगी नेसून मोजणीला जायाचं का?’’

सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातला हा माणूस सरकारी मोजणी खात्यात लागला होता. लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजून नकाशावर आणायचं त्याचं काम. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, काखेत अडीच मीटर कापड घेऊन. म्हणाला, ‘‘तू शिवू नको. मला शिकव. माझं वाकडेपन तुझ्यापरीस मला जास्त ठावं हाय.’’ रविवारी दुपारनंतर दुकान बंद असायचं. मी हसण्यावारी नेऊन ‘बसा’ म्हणालो. तो बसला तो तीस वर्षं बसला.

त्याने शिवलेली पहिली पँट आठवली की आजही हसू येतं, आणि लगेच मावळतं. एक खिसा पुढे, एक जवळजवळ मागे. चेन उघडायची पण मिटायची नाही. ती घालून तो माझ्या बायकोसमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘वैनी, ह्या पँटीत मी येतोय का जातोय, सांगा बगू.’’ पण तो मोजणीवाला होता. चूक कुठे झाली ते शोधल्याशिवाय उठायचा नाही. उजवा पाय खाली येतो म्हणून सगळे शिंपी, मी धरून, तो खालून आखूड करायचे. त्याने मला दाखवून दिलं की खालून कापलं की घोटा दिसायला सरळ होतो, पण गुडघ्यावरची इस्त्री वाकडी पळते आणि मागे सीटवर तिरकी चुणी पडते. पाय आखूड नाही, कंबर कललेली आहे. मग दुरुस्ती कमरेशीच हवी. उजव्या बाजूला कमरपट्टी अर्धा इंच खाली बसवायची आणि पाय आहेत तेवढेच ठेवायचे. एवढं कळायला आम्हा दोघांना चार महिने आणि तीन पँटी लागल्या. मी लहानपणापासून मशिनवर बसलेला माणूस. हे मला एका मोजणीवाल्याने शिकवलं. बाकी सगळ्यांच्या पँटीचा कागदी खाका एकच असतो, उलटा करून दुसऱ्या पायाला वापरतात. सिद्रामचे खाके दोन. एकावर ‘डावा’, एकावर ‘उजवा’, त्याच्या ठसठशीत नकाशातल्या अक्षरात. दोन्ही माझ्या मशिनच्या वर खिळ्याला लटकत असतात.

स्वतःची पँट स्वतः शिवणाऱ्याची एक अडचण असते. ती बाहेरच्याला पटकन कळत नाही. त्याला मागची बाजू दिसत नाही. आरसा कामाचा नाही. मागे बघायला मान वळवली की कंबर वळते, कंबर वळली की कापड पिळतं, आणि मग जी चुणी दिसते ती पँटची नसते, वळण्याची असते. मागून बघायला दुसरा माणूसच लागतो. म्हणून दर नव्या पँटीला कच्चा दोरा घालून झाला की सिद्राम दाराकडे तोंड करून उभा राहायचा. हात सैल, श्वास नेहमीसारखा. आणि विचारायचा, ‘‘बसली का?’’ मी त्याच्या पाठीमागे स्टुलावर. बसली असेल तर ‘बसली’ म्हणायचो. नसेल तर ‘नाही बसली’, आणि कुठे ते खडूने मारायचो. तो वळून बघायचा नाही. तीस वर्षांत एकदाही त्याने ‘खरंच का?’ असं विचारलं नाही. चारचौघांत आम्ही एकमेकांना ‘साहेब’ आणि ‘मास्तर’, एकटे असलो की अरे-तुरे. पण त्या अर्ध्या मिनिटापुरता मी त्याच्या पाठीचे डोळे होतो.

हा शब्दाला किती जपणारा माणूस होता, ते सांगायला हवं. एकदा सुट्टी होती म्हणून त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मीही मंद्रूपकडच्या एका मोजणीला गेलो होतो. दोन भावांचा बांधावरून वाद. मोजणी झाली आणि हद्द बरोबर थोरल्याच्या गोठ्यातून गेली. थोरल्याने चहा आणला. कप हातात देताना हळूच म्हणाला, ‘‘सायेब, हातभर तिकडं सरकवा की. कागदावरच हाय.’’ सिद्रामने कप तसाच खाली ठेवला. ‘‘मी सरकवलं तरी जमीन सरकत न्हाय, पावनं.’’ परत येताना वाऱ्यात मान मागे करून मला म्हणाला, ‘‘येक माप खोटं लिवलं की त्याच्या फुडची समदी मापं खोटी व्हत्यात रं. मानसं मग पन्नास-पन्नास वर्सं त्या खोट्यावर भांडत बसत्यात.’’ त्याचं हे वाक्य मला आज जेवताना आठवतं, दाढी करताना आठवतं.

तो निवृत्त झाला त्याला दोन वर्षं होत आली. गेल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत, एका रविवारी, तो करड्या रंगाची पँट घालून आला आणि नेहमीसारखं मशिनवर न बसता खुर्चीत टेकला. म्हणाला, ‘‘पाठीत धरतंय जरा. ही पँट सैल झालीया. तूच आत घे आज.’’ मी टेप लावला. साडेबत्तीस. दीड इंच गेला होता, आणि दीड इंच म्हणजे काय ते शिंप्याला कुणी सांगावं लागत नाही. तो दाराकडे तोंड करून उभा होता. मागून सीटचं कापड रिकाम्या पिशवीसारखं लोंबत होतं.

‘‘मास्तर,’’ तो दाराकडेच बघत म्हणाला, ‘‘लई उतरलोय का रं मी?’’

मी म्हणालो, ‘‘नाही रे. कापड ताणलंय. ह्या मिश्र धाग्याच्या कापडात असंच होतं. चार धुण्यांत सैल पडतं.’’

कापड ताणलं नव्हतं. मी विणकराच्या घरातला आहे. बोटात धरून चोळलं की धाग्याची गोष्ट मला कळते. ते कापड ताग्यावरून फाडलं त्या दिवशी जसं होतं तसंच होतं. पण तो लगेच म्हणाला, ‘‘आसंल. कापडातलं तुला कळतं.’’ आणि त्याचे खांदे सैल झाले. ते मी मागून पाहिलं. वही काढली तेव्हा त्याने डोकावून म्हटलं, ‘‘साडेबत्तीस लिही की.’’ मी म्हणालो, ‘‘कापडाचा दोष अंगाच्या मापात कशाला लिहायचा?’’ आणि चौतीस लिहिलं. इतकं पटेल असं उत्तर मला कुठून सुचलं, मला माहीत नाही.

मी असं का केलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. एक कारण मला माहीत आहे. माझे वडील मागावर असतानाच असे उतरत गेले. मी तेव्हा नुकताच कात्री धरायला लागलो होतो. त्यांच्या सदऱ्याचं माप घेताना सगळ्यांसमोर बोलून गेलो, ‘‘अप्पा, तुम्ही निम्मे झालात की.’’ त्यानंतर तपासण्या झाल्या आणि दोन महिन्यांत ते गेले. आई आमच्या घरच्या तेलुगूत म्हणाली होती, तू बोललास आणि त्यांनी हाय खाल्ली. ती दुःखात बोलली होती, मला कळतं. पण त्या दिवसापासून कुणाच्या अंगाचं माप कमी भरलं की माझी जीभ उचलत नाही. हे कारण आहे. याची सबब करता येत नाही, कारण सिद्रामच्या वेळी मी गप्प बसलो नव्हतो. मी बोललो होतो. खोटं बोललो होतो.

दिवाळीच्या आधी तो पुन्हा आला, या वेळी दोन पँटी पिशवीत आणि एक अंगावर. एकतीस. या वेळी त्याने काही विचारलं नाही आणि मीही कापडाचं नाव काढलं नाही. फक्त कमरेचा पट्टा काढून माझ्यासमोर ठेवला. ‘‘ह्याला येक भोक पाड आतल्या अंगाला.’’ आता हे जे मी सांगतोय ते फक्त शिंप्यालाच सुचू शकतं. मी भोक पाडलं नाही. जास्तीचं भोक बेढब दिसतं, पट्ट्याचं टोक पुढे लोंबतं, सगळ्या पँटीची शोभा जाते. मी बक्कल काढलं, बक्कलच्या बाजूने पट्टा तीन इंच कापला आणि बक्कल परत बसवलं. म्हणजे पट्टा पूर्वी ज्या भोकात लागायचा त्याच भोकात लागत राहिला. सिद्रामने तो लावून बघितला, बोटाने ते जुनं, रुळलेलं भोक चाचपलं आणि म्हणाला, ‘‘हात हाय बाबा तुझा.’’ मला बरं वाटलं. तीस वर्षांत त्याने माझ्या कामाला नावं ठेवली होती, नावाजलं क्वचितच होतं.

तिसरी खेप संक्रांतीच्या आठवडाभर आधी, या वेळी सगळ्याच पँटी घेऊन. साडेएकोणतीस. त्या दिवशी मी टेप लावताना तो म्हणाला, ‘‘कापड लई ताणायला लागलं म्हनायचं.’’ मी हसलो. तोही हसला. दोघांच्या हसण्यात काय होतं ते दोघांनाही माहीत होतं, असं आता वाटतं. तेव्हा मी टेप गुंडाळला आणि पट्टाही बक्कलच्या बाजूने आणखी दीड इंच कापला. ‘‘बसली का?’’ त्याने विचारलं. ‘‘बसली,’’ मी म्हणालो. आणि खरोखर बसली होती. मागे एक चुणी नव्हती. त्याची इतकी नेमकी बसलेली पँट मी तीस वर्षांत पाहिली नव्हती.

संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेचे दिवस चालू होते. एका दुपारी सुमनवैनी, सिद्रामची बायको, एकट्याच दुकानात आल्या. हातात बांगड्यांची पिशवी. त्या मैंदर्गीच्या. माहेरी कानडी बोलणाऱ्या, त्यामुळे मराठी अजूनही जपून, शब्द तोलून बोलतात. स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, ‘‘भाऊजी, एक विचारू का? ह्यांचं कायतरी बिघडलंय. ताट निम्मं ठेवत्यात. गालं आत गेल्यात. विचारलं तर म्हणत्यात, काम सुटलं की भूक बी सुटती. सकाळी मी पाठ चोळून दिली तर हाताला हाडं लागली. पण कपडे बघितले तर नेमके बसत्यात की. पट्टा बी त्याच भोकात. मग मलाच तसं दिसतंय का?’’

आता मी जे लिहिणार आहे, ते लिहायला मला सगळ्यात जड जातंय. ‘कपडे नेमके बसत्यात’ हे शब्द कानावर पडले तेव्हा पहिल्यांदा मला आनंद झाला. पळभरच, पण झाला. एक बाई आपल्या नवऱ्याच्या जिवासाठी माझ्याकडे आली होती आणि मला त्यात माझ्या शिलाईची तारीफ ऐकू आली. त्या पळभरात मी जो माणूस होतो, तो मी आता रोज बघतो.

मी म्हणालो, ‘‘तुम्हालाच तसं वाटतंय वैनी. माप आहे तेच आहे.’’ आणि एवढ्यावर थांबलो नाही. वही काढली. सिद्रामचं पान उघडलं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी बोट ठेवून वाचलं. गणपती, चौतीस. दिवाळी, चौतीस. जानेवारी, चौतीस. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहिला. ‘‘मग बरं झालं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दवाखान्यात चला म्हणून उद्या भांडणार होते मी. उगंच घर डोक्यावर घेतलं असतं.’’ पिशवीतून कागदाची पुडी काढून त्यांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. मी तो खाल्ला.

मार्चमध्ये सिद्राम न्हाणीघरात चक्कर येऊन पडला. मग तपासण्या, नळ्या, कागद. पोटात आत, पाठीच्या बाजूला, गाठ होती आणि ती पसरली होती. महेश पुण्याहून रजा काढून आला होता. डॉक्टरांच्या खोलीत तो, वैनी आणि मी. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते, त्यांनी ओरडून काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, ‘‘चार-सहा महिने आधी आला असता तर काहीतरी करता आलं असतं. वजन इतकं उतरत होतं, ते घरी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?’’ महेशने आईकडे बघितलं. वैनी स्वतःच्या हातांकडे बघत होत्या, ज्या हातांना हाडं लागली होती. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

शेवटची भेट मेच्या मध्यावर. सोलापूरचं ऊन बाहेर भाजत होतं, वॉर्डमध्ये पंखा नुसताच फिरत होता. त्याच्या अंगात दवाखान्याची हिरवी, नाडीची पँट. मी जाऊन बसलो तसा त्याने नाडीचं टोक बोटात धरून वर केलं. ‘‘बगितलंस का मास्तर? ह्याला माप लागत न्हाय. ओढली की बसली. आपुन उगंच तीस वर्सं घासली.’’ मी म्हणालो, ‘‘शिवणारा कोण आहे बघायला पाहिजे.’’ तो हसला, खोकला, मग बराच वेळ डोळे मिटून पडून राहिला. मला वाटलं झोप लागली. मी उठायला लागलो.

‘‘ते करडं कापड…’’ तो डोळे न उघडताच म्हणाला.

‘‘कोणतं?’’

‘‘गनपतीतलं. चांगलं व्हतं की रं ते कापड.’’

मी सलाइनचे थेंब पडताना बघत बसलो. तो रागावला नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने फक्त एक चुकीचं माप दुरुस्त केलं होतं, जन्मभर करत आला तसं. ‘चुकलो’ म्हणायला माझ्याकडे तेव्हा पुष्कळ वेळ होता. नर्स यायची होती, ऊन उतरायचं होतं. मी त्याची चादर नीट केली आणि निघालो. नऊ दिवसांनी महेशचा फोन आला.

तेराव्याला त्यांच्या घरी सांगोल्याकडची माणसं आली होती. पंगत बसली होती. सिद्रामची थोरली बहीण, आमच्या ताई, एकाएकी भाताचा घास खाली ठेवून वैनींना म्हणाल्या, ‘‘येका घरात ऱ्हात हुतीस न्हवं गं? मेंढरू वाळलं तरी आमाला लांबनं कळतं. तुला तुजा नवरा वाळलेला दिसला न्हाय व्हय?’’ सगळ्यांचे हात थांबले. वैनी वाढायच्या थांबल्या नाहीत. त्यांनी पुढच्या पानात आमटी वाढली आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘‘न्हाय दिसला, वन्सं. चुकलंच माझं.’’ मी तिथं होतो, तिसऱ्या पानावर. तिथंच बोलायला हवं होतं. मी खाली बघितलं आणि जेवत राहिलो… जेवण संपवून, हात धुऊन, नमस्कार करून घरी आलो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी वैनी दुकानात आल्या, एक गाठोडं घेऊन. सिद्रामच्या सात पँटी. धुऊन, इस्त्री करून, घडी घालून. ‘‘महेशला ह्या पाहिजेत म्हणतोय. वडलांच्या हातच्या हायत. त्याची कंबर चौतीसच हाय, ह्यांची होती तेवढीच. पण घालून बघितल्या तर बसंनात. कशा बसंनात काय कळंना.’’ त्यांनी गाठोडं टेबलावर ठेवलं. मला वाटलं आता विचारतील. त्यांच्या डोळ्यांत शंका नव्हती. थकवा होता. ‘‘मला कसं दिसलं नाही हो भाऊजी?’’ एवढंच म्हणाल्या. ‘‘तुम्ही तर वही बी दाखवली होती. मग माझ्या डोळ्यालाच काय झालं होतं?’’

मी म्हणालो, ‘‘ठेवून जा. बघतो.’’

त्याच दुपारी मी पहिली पँट उलटी केली. करडी. मागच्या शिवणीत सिद्राम नेहमी भरपूर माया सोडायचा, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड. माणूस पुढे सुटतो, असं त्याचं म्हणणं. त्या मायेत शिलाईच्या चार रेघा होत्या. सगळ्यात बाहेरची त्याची, थोडी नागमोडी, पण टाका जिथे हवा तिथेच. तिच्या आत एकामागे एक तीन माझ्या, सरळ, घट्ट, एकसारख्या. मी माझ्या तिन्ही उसवल्या आणि पँट पुन्हा चौतीसला आणली. मग सुलटी करून उजेडात धरली. बाहेरचं कापड उन्हाने आणि धुण्याने विटलेलं होतं. माझ्या शिलाईने जे इतके महिने आत दडवलं होतं ते मूळच्या रंगाचं, गडद, कोरं. कमरेपासून खाली निमुळती होत गेलेली एक गडद पट्टी, बरोबर मागे, आणि तिच्यावर सुईच्या भोकांच्या रांगा. उरलेल्यांतल्या तीन तशाच निघाल्या; बाकीच्या तीन अजून विटलेल्या नव्हत्या. इस्त्रीने ती जात नाही. धुऊनही जायची नाही. पट्टी जिथे आहे, ती जागा पँट घालणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. मागे उभ्या असलेल्या माणसाला दिसते. महेश ती घालून घरात फिरेल तेव्हा मागे त्याची आई असेल.

पेपरच्या पुरवणीसाठी सिद्रामवर लिहा, असं मला सुचवणाऱ्यांना वाटलं असेल की मी त्याच्या विनोदांविषयी लिहीन, स्वतःची पँट स्वतः शिवणाऱ्या मोजणीसाहेबाची गंमत सांगेन. तीही खरी आहे. पण मापाच्या वहीत त्याचं पान उघडं ठेवून मला तेवढंच लिहिता आलं नाही. काल मी त्या तिन्ही चौतीसांवर रेघ मारली आणि समोर खरी मापं लिहिली. साडेबत्तीस. एकतीस. साडेएकोणतीस. खिळ्यावरचे दोन खाके तसेच आहेत. पंख्याचा वारा लागला की ‘डावा’ आणि ‘उजवा’ एकमेकांवर घासतात, आणि कुणीतरी दाराकडे तोंड करून उभं आहे असं वाटून मी मान वर करतो.

हे रविवारी छापून येईल. वैनींना हे पेपरात वाचायला लागू नये, आणि ताईंनाही ते माझ्या तोंडूनच कळावं. सातही पँटी पिशवीत भरल्या आहेत, हे लिहून झालं की वही वर ठेवून आधी वैनींकडे निघतो. वैनी, तुम्हाला दिसलं होतं. नाही म्हणालो तो मी. एवढं वाक्य मी त्यांचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.